लतीफ मिस्त्रींची गच्ची

माझगावातली आमची गच्ची
चौथ्या मजल्यावर गळायला लागली
तेव्हा लतीफ मिस्त्री आले, मूळचे म्हसळ्याचे.
सोबत दोन गोणी फुटक्या फरश्या,
कपांचे कान, बश्यांच्या कडा,
कुणाच्या तरी मोरीतला निळा.

मी सोसायटीची सेक्रेटरी, घाई माझ्या हुद्द्यातच.
म्हटलं, मिस्त्री, एवढं काय निवडताय?
द्या पसरून कसेही.

ते हसले नाहीत.
मूठभर तुकडे उचलले, डोळे मिटले
आणि ओल्या सिमेंटवर टाकून दिले.
तीन निळे एकमेकांना चिकटून पडले.
एका बाजूला पांढऱ्यांचा घोळका, मधे हातभर उजाड.
"हे झालं कसंही," म्हणाले.
"आता जो येईल तो विचारील,
निळं इथेच का ठेवलंत मुद्दाम?"

मग चार दिवस उकिडवे.
निळ्याशेजारी निळा नाही,
कानापासून कान लांब,
सरळ कड दिसली की हातोडीचा एक टोला.
कुणी काहीच केलेलं नाही असं दिसावं
म्हणून एका माणसाची कंबर गेली.

एकदा अक्सा बीचवर, ओहोटीला,
माझा भाऊ दिगंबर ओरडला होता: रांगोळी!
भोकाभोवती वाळूच्या गोळ्या, सूर्याच्या किरणांसारख्या.
मुगाएवढा खेकडा वाळू तोंडात घेत होता, 
त्यातलं खायचं ते खाऊन
उरलेलं मागे टाकत होता.
मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही.
भरती आली, तिनेही नाही.
दिगंबर मात्र अजून सांगतो,
आणि सांगताना हातांनी किरणं काढतो.

पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची कुंजल वर आली,
वय वर्षं सहा, आणि म्हणाली, मांजर.
कुठे?
ही शेपटी. हे पोट. हा कपाचा कान म्हणजे कान.
होतं.
एकदा दिसल्यावर मला ते पुसता येईना.
मिस्त्रींनी तीनदा मान वाकडी केली,
मग खाली बसले, टोपी काढली:
"चार दिवस पाळत ठेवली, तरी घुसलंच."
सिमेंट तोवर धरलं होतं.

संध्याकाळी उतार तपासायला बादली ओतली.
पाण्याला मांजर दिसलं नाही.
पोटावरून, शेपटीवरून, मधे कुठेही न थबकता
ते पन्हळीकडे गेलं.
उतार मिस्त्रींच्या दोरीने काढला होता, कबूल.
पण खाली म्हणजे कुठे,
हे दोरीला कुणी सांगितलं?
मिस्त्री म्हणाले, "ते मला नका विचारू, बाई.
मी फक्त ओळंबा धरतो."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
गोणीत मी एक तुकडा सारला होता,
आईच्या कपाचा, सोनेरी रेघेचा.
तो टाकीपाशी बसलाय. जागा मी निवडलेली नाही,
त्यांनीही नाही, म्हणजे निवडली, पण माहीत नसताना.
आता व्हॉल्व्ह बंद करायला गेले
की पाऊल आपोआप त्याला वळसा घालतं.
कुंजल मांजरावरून उडी मारते.
बाकीचे सरळ चालत जातात, पापड वाळत घालतात.

बिल आलं, मी सही केली:
चायना मोझॅक, सातशे चौरस फूट.
मांजर त्यात धरलेलं नाही.