अंश आणि छेद

कालियो बस सहकारी दुकानामागे लावतो,
मासळीच्या फ्रीझरशेजारून वायर ओढतो,
यंत्र जागं होईपर्यंत
आम्ही थर्मासमधली कॉफी पितो.
हीउमा बेट, एमास्ते गाव, ऑक्टोबर.
यादीत एकतीस नावं.

पहिली माइमू. दर खेपेला पहिलीच.
लोकरीचे तीन थर उतरवते
आणि चौथा अंगावर असल्यासारखी आखडते.
"पाटी गार लागेल," मी म्हणते.
"समुद्राहून नाही," ती म्हणते.
श्वास रोखा.
सोडा.

मग विर्वे, मग दोघी बहिणी एकाच सायकलवरून,
मग आणखी काही जणी, घड्याळाकडे बघत.
तीननंतर कुणीच नाही.
लेईदाने शेजारणीच्या हाती मधाची बरणी पाठवलीय
आणि निरोप : पुढच्या खेपेला नक्की.
मागच्या खेपेलाही मधच आला होता.
चांगला असतो तिचा मध,
धड रागावताही येत नाही.

तालिनच्या कार्यालयात भिंतीवर एक रेघ आहे.
साथीच्या वर्षी ती मोडून खाली आली,
तेव्हापासून चढतेय,
गुडघे दुखणारी बाई कठड्याला धरून चढते तशी.
तिथे सगळ्यांना ती चढलेली आवडते.
मलाही.

यंदा एमास्तेचा टक्का वाढला.
मी भागाकार दोनदा केला.
आल्या होत्या अठराच,
गेल्या खेपेइतक्याच.
वरचा आकडा जागचा हलला नव्हता,
खालचा उतरला होता :
हेल्यूने वयाची मर्यादा ओलांडली, तिला आता पत्र जात नाही.
लेंबी लेकीकडे फिनलंडला.
आणि सालमे.

सालमे तीन खेपा आली नव्हती.
चौथ्या खेपेला यादीच तिच्याकडे गेली नाही.
जुनिपरच्या झुडपांपलीकडे, चर्चच्या दगडी कुंपणात आहे ती,
एप्रिलपासून.

वर अंश, खाली छेद.
शाळेत हा शब्द
वहीच्या चौकटीबाहेर कधी आला नव्हता.

अहवालात मी लिहिलं : सहभागात वाढ.
कुणी कितीही तपासो,
चूक सापडणार नाही.

कालियो वायर गुंडाळतोय.
रिकाम्या पत्राच्या पाठीवर
मी पेनाने लिहिते, छापील अक्षरांवर विश्वास नसलेल्यांसाठी
लिहावं तसं, मोठं :

लेईदा,
उद्या दोनपर्यंत आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर आहोत.
तुझी बरणी परत द्यायचीय.
ती दुसऱ्या कुणाच्या हाती
मी देणार नाही.