सुरा दिसता कामा नये

सुरा दिसता कामा नये,
प्रोबर्टबाईंनी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
भीती चौकटीच्या बाहेर उभी असते, म्हणाल्या,
तुम्ही फक्त तिची चाहूल द्यायची.
(शाळेच्या नियमांतही सुरा बसत नव्हताच.
कला आणि कार्यालय यांचं असं क्वचित जमतं.)

मग आम्ही यादी केली.
अंधार. ओली फरशी. मिणमिणती ट्यूब.
जिवाच्या आकांताने पळणारी एक,
न पळताही तिला गाठणारा एक.
शॉट आधी लांब, मग आखूड, मग त्याहून आखूड,
धाप लागल्यासारखे,
मग एकदम काळा पडदा
आणि त्यावर पांढरी अक्षरं : लवकरच.
लवकरच काय, ते कोणालाच माहीत नव्हतं.
मागे सिनेमा नव्हताच. नुसता ट्रेलर.
नवरदेवाशिवाय वरात.

पाठलाग करणाऱ्याला चेहरा नको, हुडी हवी.
कोणाकडे आहे, गेथिनने विचारलं.
सगळ्यांकडेच होती.
लिबान सगळ्यांत उंच, म्हणून लिबान.
म्हणजे मी तेव्हा तसंच म्हटलं होतं,
उंच, म्हणून.

कार्डिफ, नोव्हेंबर, पावणेपाचलाच रात्र.
गोदीजवळचं पार्किंग, तिसरा मजला,
वाऱ्याला खारा वास.
मी पळत होते आणि हसत होते,
सात टेक वाया.
आठव्याला लिबान म्हणाला, लाउरी,
तुला खरंच भीती वाटत नाही का?
तुझी? तू फिजिक्सच्या तासाला घोरतोस.
हुडीच्या आत दात चमकले.
कट, गेथिन ओरडला, खुनी हसत नाही!

नवव्या टेकला निळा उजेड आला.
सुंदर होता, हे मी आता म्हणू शकते.
फरशीवर निळं, खांबांवर निळं,
असा प्रकाश आम्हाला भाड्यानेही परवडला नसता.
समोरच्या इमारतीतून कोणीतरी फोन केला होता :
एक गोरी मुलगी पळतेय, मागे हुडीवाला.
बाकीचं त्यांनी मनानेच जोडलं असणार,
प्रेक्षक जोडतात तसं.

गेथिनने कॅमेरा दाखवला, मी ओळखपत्र,
दोघंही एकदम बोलत होतो, जवळजवळ खुशीत,
उद्या वर्गात सांगायला केवढं झालं!
लिबानने हात खिशातून बाहेर काढले होते,
हळू, एकेक, तळवे उघडे,
कोणी न सांगता.
हे आमच्या यादीत नव्हतं.

चार मिनिटांत मिटलं. पोलीस सभ्य होता,
सिनेमा कधी येणार, विचारून गेला.

एडिटिंगला बसल्यावर कळलं,
लिबानच्या कॉलरचा माइक सुरूच राहिलेला.
चार मिनिटं श्वास.
आत जाणारा, अर्ध्यावर अडणारा,
मग अंदाज घेत बाहेर येणारा.
सोनं आहे हे, गेथिन म्हणाला.
आणि होतंच. माझ्या धावण्याखाली घातला
तर माझ्याच पायांत कापरं भरलं.

वापरू का, मी लिबानला विचारलं.
तो चॉकलेटच्या मशीनशी झगडत होता, नाणं अडकलेलं.
मशीनकडेच बघत म्हणाला,
वापर. हुडी मात्र मी घालणार नाही.
आणि मशीनला एक बुक्की घातली.

म्हणून आता हुडीत गेथिन आहे,
बुटका, जरा पोट सुटलेला,
त्याला आम्ही पार जमिनीवर लोळून टिपला, उंच दिसावा म्हणून.
पळतो लिबान. चेहरा उघडा,
होते नव्हते ते सगळे दिवे त्याच्यावर.

कच्ची प्रत बाईंनी पाहिली.
अक्षरांचा टाइप बदला, म्हणाल्या, मिठाईच्या खोक्यावरचा वाटतो.
आवाजापुढे लिहिलं : अस्सल. कुठून मिळवला?

फॉर्मवर त्यासाठी एक रकाना आहे, बोटभर.
मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शुक्रवारी द्यायचाय.