कणकण

कालामाच्या वरती, तांब्याच्या खाणीत,
रात्री उणे नऊ.
सात हजार व्होल्टची केबल
दगडांवरून सरपटत फावड्यापर्यंत जाते.
मध्ये एक जोड, हंड्याएवढा.
आत तीन पितळी खुंट्या,
प्रत्येकीला चिकटवलेला
तांदळाएवढा सेन्सर.

नोल्विया चोकेच्या पडद्यावर:
एकतीस. एकतीस. चव्वेचाळीस.

चव्वेचाळीस म्हणजे काही ताप नव्हे.
अलार्म सत्तरला वाजतो.
पण बाहेर बादलीतलं पाणी गोठलंय,
तिघींच्या अंगावर ओझं सारखंच,
मग एकीलाच कणकण का?

"बंद कर," एलेउतेरियो म्हणाला.
त्याचा डावा कान
एका निळ्या क्षणात गेलेला, दुसऱ्या खाणीत.
तो ताकही फुंकून पितो,
असं सगळे म्हणतात, त्याच्या डाव्या बाजूने.

रेडिओवर मुकादम:
फावडं उभं? हिशेब कोण देणार?
मी, नोल्विया म्हणाली.
तेवढ्यात शेहेचाळीस झाले.

वीज तोडली, कुलूप घातलं,
तार जमिनीला टेकवली,
मग जोड उघडला.
तिसऱ्या खुंटीचा बोल्ट अर्धा आटा सैल,
मुळाशी काळा ठिपका, मोहरीएवढा.
एलेउतेरियोने तो नखाने खरवडला,
हुंगला,
आणि काही न बोलता पाना तिच्या हातात दिला.

मुकादमाने वहीत लिहिलं:
काम बंद, बावन्न मिनिटं.
कारणाचा रकाना कोराच.

पहाटे पडद्यावर
एकतीस. तीस. एकतीस.
तिने थर्मासमधला कोकाच्या पानांचा चहा ओतला
आणि फुंकर न घालताच प्यायली.
जीभ पोळली.