वळणाचा हिशेब

ट्रेलरवरून स्किड स्टीअर उतरवलं तेव्हा सव्वासात.
मयेच्या तळ्यावर अजून धुकं होतं
आणि माजीकबाईंच्या कुत्र्यानं यंत्राला
परक्याची म्हैस समजून
दुरूनच शिव्या घातल्या.

फाटकापासून पडवीपर्यंत बेचाळीस मीटर, रुंदी तीन,
खडीचा थर चार इंच.
तळहातावर बॉलपेननं आकडा मांडला,
साडेचार ब्रास.

आधी बकेट.
तांबडी माती, काजूचा पाला,
एक बायकी चप्पल, डाव्या पायाची.
मग रिपर लावला, कारण वीतभर खाली चिरा लागला.
अवजार बदलताना नळीतला दाब आधी सोडावा लागतो,
नाहीतर कपलिंग बसत नाही,
कितीही जोर लावा.
हे खाणीवर शिकलो नव्हतो.
तिथं अठरा वर्षं एकच बकेट,
उचल, भर, जाऊ दे.
हा तालुका मी बार्जवर चढवला थोडाथोडा.
तो कुठं उतरला, विचारलं नाही.

एकोणिसाव्या मीटरवर वारूळ.
आम्ही रोयण म्हणतो.
कमरेइतकी उंच, तीन शेंडे,
मधल्यावर सुकलेली अबोलीची वेणी.
दोरी मीच बांधली होती आदल्या संध्याकाळी,
रानमोडीच्या झुडपातून आरपार.
झुडूप निघालं तशी ती दिसली,
बरोबर दोरीखाली.

कल्लाप्पा दाताळं टेकून उभा राहिला.
माजीकबाई पडवीत होत्या, चहाचा कप हातात.
बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई.
काही बोलल्या नाहीत,
फक्त चष्मा वर केला,
खाली सही राहिली असल्यासारखा.

खाणीवर किती रोयणी गेल्या
त्याचं रजिस्टर नव्हतं.

मी दोरी सोडली.

आता ह्या यंत्राचं असं आहे, ह्याला वळता येत नाही.
पुढची चाकं तिरपी होत नाहीत.
एका अंगाची थांबतात, दुसऱ्या अंगाची पळतात,
आणि हे जागच्या जागी गर्रकन फिरतं
खालची जमीन सोलून.
सरळ सांगा, ऐकेल.
बाक सांगितलात तर ओरबाडेल.

म्हणून ते वळण मी चोरून काढलं.
पुढं, किंचित डावं, मागं.
पुढं, किंचित डावं, मागं.
झोपलेल्या पोराखालची चादर ओढावी तसं.
सात मीटरना अर्धा दिवस गेला.
घाम डोळ्यांत, आणि दोन्ही मनगटं
दोन जणांची असल्यासारखी.

जेवून उठलो तर टिपर आला.
खडी ओतली, ब्लेडनं ओढली,
मग कंपनाची प्लेट लावली.
तिच्या थरथरीनं पडवीतले पितळी पेले वाजले.
रोयणीजवळ आलो तशी ती मी बंद केली.
तेवढा तुकडा कल्लाप्पानं धुम्मसानं ठोकला,
कन्नडमध्ये काहीतरी मोजत,
बहुधा माझ्या पिढ्या.

फाटकाजवळ खडी संपली.
वळणानं खाल्ली.
शेवटचे दोन मीटर तांबडेच राहिले.
बाईंनी विचारलं, ‘‘वळणाचे किती?’’
म्हटलं, ‘‘खडी पाव ब्रास जास्त, उद्या आणतो.’’
‘‘वळणाचे विचारते.’’
मी हात पुसले.
‘‘ते मला लावता नाही येत.’’
त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं,
आकडा नव्हता, लांब होतं.

मग त्यांनी गाडी आणून बघितली.
चाकांखाली खडी करकरली,
रोयणीपाशी आवाज मंद झाला, कारण बाईंनी पाय उचलला.
कुत्रा गाडीमागून चालत गेला,
मधेच थांबून तिला हुंगला.

सामान आवरताना दिसलं,
नळीच्या तोंडातून तेल गळलं होतं,
नव्या पांढऱ्या खडीवर बशीएवढा डाग.
कोणी बघत नव्हतं.
बुटाच्या टोकानं वरचे खडे उलटे केले.
आता दिसत नाही.
पडवीकडून मोजलं तर अकरावं पाऊल,
डावीकडे.