उलटी बसलेली चावी

ओरुरो. पहाटे नळात पाणी गोठलेलं.
शेडमध्ये एपिफानियोचा ट्रक, तोंड उघडून उभा.
दारावर त्यानंच रंगवलंय: 'ला तेर्का'. म्हणजे हट्टी.

अकरा वर्षं ही बया
आरिकाच्या बंदरातून गहू घेऊन वर चढते,
आणि शेवटच्या घाटात, जिथं विकुन्या माना वळवून बघतात,
काळा धूर ओकत दुसऱ्या गिअरवर रांगते.
सगळे म्हणायचे, हवाच विरळ.
माणसाला दम लागतो, तिथं इंजिनाचं काय.
मीही म्हणायचे.

खुणा जुळत होत्या, हे आधीच सांगते.
क्रँकच्या गिअरवरची खूण, कॅमच्या गिअरवरची खूण,
दाताला दात, समोरासमोर.
पण लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा नव्या;
एवढ्या खर्चावर नुसत्या डोळ्यांनी सही करायची नसते.
दोन डायल गेज लावले.
एक पिस्टनच्या माथ्यावर, एक पुशरॉडवर.
क्रँक फिरवला, थोडा मागे नेला, पुन्हा पुढे,
दातांमधली ढिलाई एका अंगाला घेत, हळू,
रुसलेल्या माणसाला बोलतं करावं तसा.

पहिला काटा हवा तिथं आला.
दुसऱ्यानं चाळीस थाऊ दाखवायचे होते.
अठ्ठावन्न.
पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.
काच पुसली, हात पुसले, कोकाची पानं थुंकली.
अठ्ठावन्न.

म्हणजे प्रत्येक ठोक्याला डिझेल उशिरा पडत होतं.
किती उशिरा?
पापणी लवते तेवढ्यात असे कितीतरी उशीर मावतील.

गिअर प्रेसवर घालून उपसला.
त्याच्या आड, शाफ्टच्या खाचेत, अर्ध्या बोटाएवढी चावी.
हिचं वरचं अंग खालच्यापेक्षा केसभर सरकलेलं असतं, मुद्दाम.
बाण एकीकडे केला की ठोका लवकर,
दुसरीकडे केला की उशिरा.
बाण दुसरीकडे होता.
आणि बाणाशेजारी, पंचनं ठोकलेला, तांदळाएवढा एफ.

फर्मिन. माझे बाबा.
आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक कामावर ते अक्षर ठोकायचे.
त्या जूनमध्ये आई कोचाबांबाच्या इस्पितळात होती.
रात्रीची बस नऊला सुटायची.

आता त्यांचे डोळे गेलेत.
भिंतीलगत उन्हात बसून ते नट चाचपतात,
तेराचे एका डब्यात, चौदाचे दुसऱ्यात.
मी काही न बोलता चावी त्यांच्या तळव्यावर ठेवली.
अंगठा अक्षरावरून गेला, ओळख पटून हसला जरासा,
मग बाणावर आला.
तिथंच राहिला.

"ही कुठल्या बाजूनं निघाली?"
मी सांगितलं.
डब्यात एक नट पडला. चौदाचा, तेरांमध्ये.
"एपिफानियोला बोललीस?"
"नाही."
"मी बोलतो. गिअर तापवायला कासिमिराकडेच ने,
तिची भट्टी एकसारखी तापते."

नवी चावी लागलीच नाही. तीच, फिरवून.
कासिमिराच्या बेकरीत पावांच्या मधोमध गिअर ठेवला.
तिनं दोन डझन पावांचे पैसे घेतले, जागेचं भाडं म्हणून.
पोत्यात गुंडाळून पळत आणला;
शाफ्टवर एकदा सरकवायचा, खुणेला खूण, चावीला खाच,
थंड झाला की मग देवही हलवू शकत नाही.
गेज लावले.
एक्केचाळीस. एक थाऊ मी सोडून दिला.

दुपारी एपिफानियो आला.
बाबा भिंतीला धरून उठले, चार वाक्यांत सगळं सांगितलं.
बसचं सांगितलं नाही.
मी सांगणार होते, त्यांनी हातानं थांबवलं.

एपिफानियोनं टोपी काढली, पुन्हा घातली.
मला वाटलं, आता अकरा वर्षांच्या डिझेलचा हिशेब निघेल.
तो दारावरच्या अक्षरांपाशी गेला,
नखानं थोडा रंग खरवडला
आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला,
"म्हणजे ही हट्टी नव्हतीच."