अर्धा थाऊ

काडीनाची तांब्याची खाण मिटली
तेव्हा शेवटच्या पाळीत ऑसी नॅन्किव्हेलचा आजा होता.
ऑसीची हातोडी अजून तांब्याचीच.
पोलादाला पोलादानं मारू नये, म्हणतो,
घरातलं भांडण मऊ हातानं करावं.

शेडच्या पत्र्याखाली बेचाळीस डिग्री.
दोन टोकांत धरलेली दोन फ्लायव्हीलं,
त्यांच्यामध्ये पिन, पिनेवर दोन रॉड,
एकाच्या दुबेळक्यात दुसरा.
मी हातानं फिरवते. डायलची सुई
तीन थाऊ पुढे, परत मागे, पुन्हा तीन.
थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.
माझा एक केस तीन थाऊ भरतो, मोजलाय मी.
"कुठे?" ऑसी विचारतो. मी बोट ठेवते.
तो मारतो. एकदाच.
दमल्या घोड्याच्या मानेवर थाप पडावी तसा आवाज.
दोन.
पुन्हा बोट, पुन्हा थाप.
दीड.
अशी संध्याकाळ होते, अर्ध्याअर्ध्यानं.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
सगळं तोलून घेतलं तर हादरणार नाही ना?
त्यानं चहा खाली ठेवला.
चाक गोल फिरतं, पिस्टन वरखाली जातो,
गोल वजनानं सरळ वजनाचं देणं फिटत नाही.
वरखालीचा हिसका दाबलास
की तो पुढेमागे उगवतो.
हिसका मरत नाही, पोरी.
कुठल्या दारानं जायचं, तेवढं आपण ठरवतो.
आणि ड्रिल लावून त्यानं चाकाला चार भोकं पाडली,
पाचवं पाडता पाडता थांबला.

रॉड मात्र माझे.
अख्ख्या ठोकळ्यातून काढलेले, अकरा आठवडे.
घासायचं ते लांबीच्या दिशेनं,
आडवी रेघ राहिली
तर तडा तिथेच बिऱ्हाड करतो.
खिडकीत जुन्या केसिंगचा तुकडा आहे,
मूठ जाईल एवढं भोक त्याला.
ऑसी त्यात चाव्या ठेवतो.
ते भोक पाडून रॉड पुढे
क्लेमच्या मांडीत शिरला होता,
गेर्डनरच्या मिठावर, ताशी एकशे एकाहत्तर मैलांत.
क्लेम त्याचा धाकटा भाऊ. रॉड ऑसीनं केलेला.
त्यावर दोघं बोलत नाहीत.
क्लेम दर फेब्रुवारीत लंगडत येतो
आणि आपली चावीही त्याच भोकात टाकतो.

मिठावर जायला नऊ दिवस होते.
पुसताना टॉर्च तिरका पडला,
मागच्या रॉडच्या मानेशी काही चमकलं.
आडवं.
ऑसीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मी कापड धरून उभी राहिले,
किती वेळ ते डायल सांगत नाही.
मग त्याचा अंगठा धरून तिथे नेला.
नख अडलं.
"हं," म्हणाला, आणि पाना मागितला.
तीन दिवसांच्या थापा
पाव तासात सुट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी क्लेम आला.
"यंदा नाही?"
"नाही."
त्यानं खुर्ची ओढली, रॉड मांडीवर घेतला,
त्याच मांडीवर,
आणि नख फिरवत राहिला.
"केवढी खोल?"
"अर्धा थाऊ," मी म्हणाले. "तेवढीही नसेल."
"आणि माझी?"
मला वाटलं, मलाच विचारतोय.
ऑसी तेलकट हात पुसत होता,
पुसून झाल्यावरही पुसत होता.
"तुझी मला दिसली होती," तो म्हणाला.
"रात्र झाली होती. सकाळी निघायचं होतं."

पत्रा तापून कडकन वाजला.
क्लेमनं रॉड बाकावर ठेवला,
हळू, अजून उपयोगाचा असल्यासारखा.
"ठाऊक होतं मला," म्हणाला,
आणि चहात साखर मागितली.

मी नवा ठोकळा मशीनवर बांधला.