बस

पहिल्या आठवड्यात त्याने खाल्लं ते असं:
माझी डावी चप्पल, सोफ्याचा कोपरा,
गॅसचं पुस्तक, सगळ्या नोंदींसकट,
आणि ऋजुताने पुण्याला जाताना
फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकातला
फक्त गुरुवार.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
ट्रकखाली सापडलेलं पिल्लू.
नाव भडंग, कारण रंग तसा
आणि आकार मूठभर.
आता सात महिन्यांचा आहे. मूठ पुरत नाही.

'दोन वेळा फिरवतो की,' मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो,
'होल्डिंग पाँडला तीन-तीन चकरा. मीच दमतो.'
त्या भडंगच्या कानात बॅटरी मारत होत्या.
'पाय दमले हो. डोकं रिकामं आहे.
डोक्याला काम द्या.'
कुणाला उद्देशून म्हणाल्या कोण जाणे,
बिल त्याच्या नावाने फाडलं.

मग शरयूचं आप्पेपात्र खाली उतरलं.
सात खळगे, प्रत्येकात दोन फुटाणे,
वर एकेक चेंडू.
पहिल्या दिवशी त्याने अख्खं पात्रच उलथवलं.
हाही एक मार्ग.
तिसऱ्या दिवशी नाकाने एक चेंडू ढकलला,
थांबला, माझ्याकडे पाहिलं,
जणू परवानगीचा शिक्का माझ्याकडे होता.
शरयू म्हणाली, आता आप्पे काय तुझ्या टकलावर करू?

जुन्या टॉवेलच्या गाठीत चपाती.
तीन वाट्या, एकीखाली पनीर, फिरवाफिरवी.
(यात मी हरतो. तो वाट्या बघतच नाही.)

मग 'बस' शिकवलं.
फुटाणा नाकावरून मागे नेला
की डोकं वर, बूड आपोआप खाली.
दोन दिवसांत पक्कं.
पण मराठीचं काय करू?
शरयू फोनवर, 'बस झालं गं तुझं', हा बसला.
पितळेकाका वॉचमनला, 'घणसोलीची बस गेली का?'
हा लिफ्टच्या दारात बसला, लिफ्ट वाजत राहिली.
पाहुणे म्हणाले, 'बस, बस, भात नको',
तर दोनदा बसायचं कसं या पेचात
उठला, आणि परत बसला.

'थांब' सगळ्यात अवघड.
त्यात करायचं काही नसतं
तरी सगळं अंग काहीतरी करत असतं.
बेलापूर रोडवरचा आमचा कारखाना बंद झाला
तेव्हा सहा महिने मी गॅलरीत असाच होतो.
शेपटी नव्हती, एवढंच.

'शोध'साठी ऋजुताचा एक मोजा ठेवला होता.
पिंपाच्या मागे, गादीखाली, छत्रीत.
परवा शरयूने तो चुकून धुतला,
वाळत घातला, घडी करून कपाटात ठेवला.
त्याने कपाटासमोर बसून पंजा आपटला.
मी मोजा काढून नाकाला लावला.
मला फक्त साबण.

काल सकाळी चष्मा सापडेना.
टेबल पाहिलं, उशी पाहिली, बाथरूम.
भडंग पॅसेजमध्ये बसलेला, अगदी ताठ,
कुणी न सांगता.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश.
मी स्वयंपाकघराकडे वळलो, शेपटी गप्प.
गॅलरीकडे, जराशी हलली.
वॉशिंग मशीनजवळ, जोरात.
बत्तीस वर्षं मी प्रेशर गेज वाचले आहेत,
काटा लाल पट्ट्यात शिरायच्या आधी ओळखायचो.
चष्म्याशिवाय हा काटा वाचता आला.

मशीनखाली होता. एक काडी चावलेली.
सवयीने खिशात हात घालून फुटाणा काढला,
मग लक्षात आलं,
शोधला तर मी होता.
त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
अजून एक काढला.
दोघांनी एकेक खाल्ला.